आनंद मेळाव्याच्या फॉर्ममध्ये 'सेवा' बसेना : माझा अनुभव

मुलाच्या शाळेतला बाल आनंद मेळावा, म्हणजे पोरं स्टॉल लावून विक्री करतात तो, होऊन सहा महिने झाले तरी तो फॉर्म आठवला की माझं डोकं तापतं. म्हणून एकदा लिहूनच काढते, ज्यांची पोरं तिसरी-चौथीत आहेत त्यांना उपयोग होईल.

पोराला पैशाचे व्यवहार शिकवायचे हे मी दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. वस्तू म्हणजे काय ते एका बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठच्या, बाजारातच कळलं, कांदे, मेथी, टोपली, हातात घेता येतं, पिशवीत टाकून घरी आणता येतं. सेवा मात्र डोक्यात शिरेना. रिक्षावाल्या काकांना आपण पैसे दिले पण त्यांनी आपल्याला दिलं काय, हाच प्रश्न. शेवटी शिलाईचं उदाहरण चाललं. मेनरोडवरून कापड आणलं ती वस्तू, टेलरकाकांनी शिवून दिलं ती सेवा, आणि तयार शर्ट घेतला तर दोन्हीचे पैसे एकाच किमतीत. डॉक्टर, शिक्षक वगैरे नंतर सांगा, तिथे पोरांना हातात काहीच दिसत नाही.

मग जानेवारीत मेळाव्याचा फॉर्म आला आणि पोरगं स्वतःहून म्हणालं की मी वह्यांना कव्हर घालून देणार. मला इतका आनंद झाला काय सांगू! अर्ध्या वर्षात सगळ्यांची कव्हरं फाटलेली असतात, म्हणजे गिऱ्हाईक नक्की. भाव पण त्यानेच ठरवला, कागद तुमचा असेल तर ५ रुपये, आमचा असेल तर १०, "कारण मग वस्तू पण आली ना आई". दोन महिन्यांची मेहनत त्या एका वाक्यात वसूल झाली.

फॉर्ममध्ये रकाना होता 'विक्रीची वस्तू / खाद्यपदार्थ'. मी लिहिलं, वह्यांना कव्हर घालून देणे. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत, लाल पेनने गोल करून 'वस्तू लिहा'. मी वर 'सेवा' असं लिहून पुन्हा पाठवला. पुन्हा परत, या वेळी बाईंचा निरोप की भेळ किंवा सरबत ठेवा, सोपं पडेल. तिसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकून शाळेत गेले. ऑफिसबाहेरच्या बाकावर पाऊण तास. मग कळलं बाई फक्त मधल्या सुट्टीत भेटतात, मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या हे माझ्या हातात नाही, मुख्याध्यापिका मॅडमना भेटा, आणि मॅडम मीटिंगला गेलेल्या. उद्या या. दुसऱ्या दिवशी परत गेले तर क्लार्क म्हणतात फॉर्मची मुदत काल संपली. अहो, काल मी इथेच बसले होते ना!

मॅडम भेटल्या तेव्हा त्यांचं म्हणणं असं की मुलांनी एकमेकांचं काम करून देण्याचे पैसे घेणं बरं दिसत नाही, वस्तू विकली तर ठीक. याचा मला खरा राग आला. म्हणजे भेळेचे पैसे चालतात आणि कष्टाचे नाही? मी म्हटलं मॅडम, १ जुलै २०१७ पासून देशात जो जीएसटी आहे त्याचं नावच वस्तू व सेवा कर आहे, हॉटेलात बसून मिसळ खाल्ली तर कायद्यात ती सेवाच धरतात, आणि शाळा फी घेते ती पण शिकवण्याचीच घेते ना. त्या चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या सगळ्यांना एकच फॉर्म आहे, रकाना बदलता येणार नाही.

शेवटी तोडगा क्लार्कनी काढला. वस्तूच्या रकान्यात 'ब्राऊन पेपर' आणि किमतीच्या रकान्यात 'घालून १०, नुसते घालणे ५'. सही झाली. पण 'सेवा' हा शब्द त्या कागदावर आलाच नाही आणि ते मला अजून खुपतं.

मेळाव्यात रविवार कारंजावरून आणलेल्या कागदाचे ९०, टेप आणि स्टिकरचे ३०, असा १२० खर्च. आमच्या कागदाची १४ कव्हरं आणि गिऱ्हाइकाच्या कागदाची ९, मिळून १८५. नफा ६५. भेळवाल्या पोरांनी ३००-४०० नफा सांगितला, पण कुरमुरे, शेव, चिंच, गूळ सगळं आईच्या डब्यातलं, आणि आई पहाटेपासून कांदा चिरत बसलेली. ती विक्री झाली, नफा नाही, आणि शाळेत कुणी वजाबाकी करून दाखवली नाही. भेळ ठेवा, हरकत नाही, पण सामानाची पावती पोराच्या हातात द्या आणि ते पैसे आधी परत घ्या.

हो, सुट्टे पैसे न्याच. आमचं पहिलंच गिऱ्हाईक शंभराची नोट घेऊन आलं आणि पोरगं घाबरलं. आणि कागद घरीच कापून न्या, तिथे गर्दीत जमत नाही.

अजून एक आठवलं. नाशिकची पोरं हमखास विचारतात की नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात तर भरपूर का छापत नाहीत. मी सांगितलं, उद्या सगळ्यांच्या खिशात दुप्पट नोटा आल्या पण लासलगावला कांदा तेवढाच आला, तर लिलावात काय होईल? माझं पोरगं म्हणालं, सगळे जास्त बोली लावतील. बस, महागाई समजली.

यंदाचा फॉर्म यायला अजून वेळ आहे, पण मी गेल्या आठवड्यात शाळेत लेखी अर्ज दिलाय की रकाना 'वस्तू / सेवा' असा करावा. पोच घेतलीये, शिक्क्यासकट.