तुम्ही विचारलंत म्हणून: सख्खी आत्या असताना हॉस्टेल कशाला?

सिंगापूरला सख्खी आत्या असताना तू पैसे मोजून हॉस्टेलमध्ये का राहिलीस, हा प्रश्न सावंतवाडीत प्रत्येक लग्नात, बारशात आणि चवथीला मला विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने उत्तरही मनाशी ठरवलेले असते: काहीतरी बिनसले असणार. काहीही बिनसलेले नाही. बँकॉकहून रेल्वेने पादांग बेसार, तिथून पेनांग, क्वालालंपूर, मलाक्का आणि जोहोर बाहरू अशी पाठीवर सॅक घेऊन मी खाली उतरत गेले. तो प्रवास आत्याच्या दारात संपावा ही तुमची अपेक्षा, माझ्या व्हिसाच्या अर्जाला तिच्याच सहीचे पत्र जोडलेले असल्यामुळे, गैर नव्हती हेही मी मान्य करते. तरीही एकदा पूर्ण ऐकून घ्या.

त्याआधी एकदा मी विमानाने थेट तिच्याकडे उतरले होते. तेव्हा माझेही मत तुमच्यासारखेच होते. आपल्या माणसांकडे उतरायचे नाही तर ती आपली कशी, असे मी मैत्रिणींना ठणकावून सांगत असे. आत्याने मला मर्लायन दाखवला, सेंटोसाला नेले, गार्डन्स बाय द बेच्या काचेच्या घुमटांतून फिरवले आणि प्रत्येक ठिकाणी पिशवीतून डबा काढून मला खाऊ घातले. एके सकाळी चहाला आधण ठेवून मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कालनिर्णय सहज चाळत होते. गणपतीच्या महिन्याच्या पानावर चतुर्थीपासूनच्या चौकटींभोवती निळ्या शाईची रेघ ओढलेली होती आणि तिच्यावर काट मारलेली होती. चालू महिन्याच्या पानावर, मी तिथे होते त्या तारखांभोवती, तशीच निळी रेघ होती आणि शेजारी माझे नाव लिहिलेले होते.

सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या पहिल्या वर्षी किमान ७ दिवसांची भरपगारी वार्षिक रजा मिळते आणि दर वर्षी एकेक दिवस वाढत ती १४ वर थांबते. काही मालक त्याहून अधिक देतात, आत्याचा देत नाही. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, गणेशचतुर्थीला नसते. सावंतवाडीला यायचे तर तिला त्याच रजेतून यावे लागते आणि आपल्यापैकी जो कोणी तिच्याकडे उतरतो त्याला फिरवायचे तर तेही त्याच रजेतून. हॉटेलचे किती वाचले हे आपण परत येऊन सांगतो. तिची रजा किती गेली हे कोणी विचारत नाही. त्या वर्षी ती चवथीला आली नाही. आरती झाल्यावर ओटीवर बसून ‘ती आता तिकडचीच झाली’ असे म्हटले गेले, तेव्हा मी कालनिर्णयाची हकिगत सांगितली, आणि पाहुण्यासाठी एवढे करायलाच हवे, असे उत्तर मला मिळाले. हे उत्तर देणारे आज मला हॉस्टेलबद्दल विचारतात.

म्हणून या खेपेस मी लिटल इंडियात, सेरंगून रोडपासून जवळच, एक खाट घेतली आणि आत्याला फोन करून सांगितले की रविवारी तुला सुट्टी असेल तेव्हा दिवसभर तुझ्याकडे येते. ती ‘बरे’ म्हणाली. त्याच संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर घरी जाऊन, स्वयंपाक करून आणि पुन्हा मेट्रो पकडून ती हॉस्टेलच्या दारात उभी राहिली. गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र तसेच होते आणि हातात स्टीलचा डबा होता. काउंटरवरच्या मुलाने तिला दोन मिनिटांसाठी वर येऊ दिले. तिने चपला काढल्या, माझ्या खाटेचा पडदा बाजूला केला, गादी तळहाताने दाबून पाहिली, लॉकरचे कुलूप ओढून पाहिले आणि शिडीवर टाकलेल्या माझ्या ओल्या टॉवेलची नीट घडी केली. समोरच्या खाटेवर एक परकी मुलगी झोपली होती, त्यामुळे आत्या अगदी हळू आवाजात बोलली, “आमच्या घरात तुका जागा नाय होती गो?”

मी तिला खाली नेले आणि रजेचे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “रजा माजी, तुका काय करूचा हा?” मग डबा उघडला. आंबोळ्या होत्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे होते. आम्ही दोघी जेवलो, मी उठायच्या आत तिने डबा बेसिनमध्ये धुतला आणि स्टेशनपर्यंत पोचवायला आलेल्या माझ्याशी ती ऑफिसबद्दल बोलत राहिली. एवढे तरी माना, की यात मला सुख नव्हते.

आणखी एक कारण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मला एकटीने पाहायचे असते. मलाक्काला सेंट पॉल टेकडीवर छप्पर नसलेल्या चर्चच्या आत जाळीखाली एक रिकामी कबर आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, १५५३ मध्ये त्यांचा देह तिथे आणून पुरला आणि काही महिन्यांनी पुढे गोव्याला नेला. जुन्या गोव्यात जे शव पाहायला शाळेची सहल गेली होती, त्याचा मधला मुक्काम समोर दिसत होता, आणि भर उन्हात मी तिथे कितीतरी वेळ थांबले. आत्या बरोबर असती तर तिने आधी सावली शोधली असती, मग पाणी, मग माझे डोके दुखते का ते विचारले असते. तिचे सगळे लक्ष माझ्यावर असते आणि मग माझे तिच्यावर. हा स्वार्थ आहे असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण रजेचे कारण त्यामुळे खोटे ठरत नाही.

रविवार तिच्या घरी गेला. आम्ही कुठेही गेलो नाही, दिवसभर जुने फोटो पाहिले आणि तिने आजीबद्दल जे सांगितले ते मागच्या खेपेच्या धावपळीत तिला सांगताच आले नसते, असे मला वाटते. तरी खाटेचा पडदा बाजूला धरून उभी असलेली ती मला आठवते, आणि तिची रजा कशी खर्च व्हावी हे ठरवणारी मी कोण, हा तिचा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही. कधी वाटते, माणसे येतात म्हणूनच तिला तिथे करमत असेल. कधी ती काट मारलेली निळी रेघ आठवते आणि मी होते तिथेच परत येते.

पुढच्या वर्षी व्हिएतनामला जायचे आहे आणि परतीचे विमान सिंगापूरवरून आहे. आत्या म्हणते की घराची किल्ली देईन, दिवसा तुझी तू फीर, रात्री जेवायला ये. तू एकही रजा टाकणार नाहीस असे आधी कबूल कर, असे मी तिला म्हटले आहे. ती कबूल करत नाही आणि मी अजून हॉस्टेलची खाट ठरवलेली नाही.