नाटकाचे चित्रीकरण बाहेर काढताना: आधी मास्टर, मग प्रती

हौशी नाट्यसंस्थांच्या प्रयोगांचे चित्रीकरण आणि संकलन मी करतो. संकलन संपत आले की संस्थेकडून 'आता फाइल द्या' असा निरोप येतो. पण ती कोणत्या प्रकारची हवी, हे सहसा कोणी सांगत नाही. कोणाला पेनड्राइव्ह लावून घरच्या टीव्हीवर प्रयोग पाहायचा असतो, कोणाला तो युट्यूबवर चढवायचा असतो, आणि नटांना व्हॉट्सॲपवर आपापला प्रवेश हवा असतो. या सगळ्यांना एकच एमपीफोर वाटून मोकळे होण्याची पद्धत सर्रास आहे, पण मला ती पटत नाही. टाइमलाइनवरून, म्हणजे संकलनाच्या पट्टीवरून, आधी एक भरभक्कम मास्टर (उत्तम दर्जाची मूळ प्रत) काढावा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा, आणि बाकीच्या सगळ्या प्रती त्या मास्टरवरूनच काढाव्यात.

संकलनासाठी मी दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यातील 'डिलिव्हर' या पानावर एच.२६४ (एमपीफोर फाइलींत सर्रास वापरली जाणारी चित्र दाबण्याची, म्हणजे कॉम्प्रेस करण्याची पद्धत), युट्यूब वगैरे तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या मांडण्या, समोरच असतात आणि घाईत हात तिकडेच जातो. एच.२६४ मध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवली जात नाही. बहुतेक चौकटींच्या बाबतीत आधीच्या किंवा पुढच्या चौकटीपेक्षा काय बदलले, तेवढेच नोंदवले जाते. त्यामुळे फाइल लहान होते हे खरे, पण अशा फाइलवरून पुन्हा दुसरी एच.२६४ काढली की आधीच गाळलेल्या तपशिलातून आणखी तपशील गळतो. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबण्याच्या पद्धतींत, मात्र प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे दाबलेली असते. १९२०×१०८० आकाराच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या चित्राला प्रोरेस ४२२ साधारण १२२ मेगाबिट प्रति सेकंद घेतो. म्हणजे दोन तासांच्या नाटकाचा मास्टर सुमारे ११० जीबी भरतो. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण एवढी जागा आज हार्ड डिस्कवर सहज मिळते. शिवाय रंगसंस्कार, नॉइझ रिडक्शन (चित्रातील खरखर काढणे) आणि शीर्षके यांचे जड गणित एकदाच होते, आणि नंतरच्या प्रती झटपट निघतात.

रेंडर, म्हणजे टाइमलाइनवरून फाइल तयार करण्याचे काम, चालू असताना वीज गेली, तर अर्धवट राहिलेली एमपीफोर किंवा एमओव्ही फाइल बहुधा उघडतच नाही, कारण कोणती चौकट फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका सर्वसाधारणपणे काम संपतानाच लिहिली जाते. म्हणून मास्टर मी अंकानुसार तुकड्यांत काढतो. त्याआधी रेंडरची मर्यादा 'एंटायर टाइमलाइन' अशी आहे ना, की कधीतरी लावलेल्या इन-आऊटच्या खुणा तशाच राहिल्या आहेत, हेही पाहून घ्यावे.

रंगमंचाचे चित्रीकरण दाबायला सोपे असेल, असे वरवर पाहता वाटते: कॅमेरा स्थिर, मागे काळा पडदा, हालचाल मोजकी. प्रत्यक्षात तो काळा पडदाच सगळ्यात जास्त त्रास देतो. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि मंद निळ्या प्रकाशातून काळोखात जाताना त्यांतील थोड्याच वापरल्या जातात. त्यामुळे अंकाच्या शेवटी प्रकाश हळूहळू मावळत असताना मागच्या पडद्यावर समुद्राच्या लाटांसारखे पट्टे सरकताना दिसतात. बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, कमी असेल, तर एन्कोडर (चित्र दाबणारी प्रणाली) काळोखात काही महत्त्वाचे नाही असे धरून चालतो आणि पट्ट्यांच्या जागी चौकोन उमटतात. यावर मी मास्टर १० बिटमध्ये काढतो आणि काळोख्या प्रवेशांना अगदी बारीक ग्रेन (रवाळपणा) देतो. ग्रेनमुळे पट्टे मोडतात. पण ग्रेन म्हणजे सतत बदलणारा तपशील, त्याला बिट लागतात, आणि कमी बिटरेटच्या प्रतीत तोच अंगाशी येतो. म्हणून ग्रेन बेताचा असावा. नॉइझ रिडक्शन लावून चित्र अगदी गुळगुळीत करण्याची हौस मला यासाठीच पसंत नाही.

पेनड्राइव्हसाठी थोडे अंकगणित करावे लागते. ८ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट. दोन तासांचे ७२०० सेकंद, म्हणजे फाइल झाली ७.२ जीबीची. पुष्कळसे पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी कॉपी अडते. तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केला की संगणकावरचा प्रश्न सुटतो, पण काही जुने टीव्ही एक्सएफएटी वाचतच नाहीत. एकच फाइल ठेवायची, तर आवाज धरून साडेचार मेगाबिटच्या आसपास उतरावे लागते आणि वरचा काळोख लगेच चौकोनी होतो. त्यापेक्षा दोन अंकांच्या दोन फाइली द्याव्यात. मध्यंतर तसेही असतेच.

युट्यूबचे गणित उलटे आहे. या आकाराच्या आणि गतीच्या चित्रासाठी तेथे ८ मेगाबिटची शिफारस आहे, पण चढवलेली प्रत्येक फाइल तेथे पुन्हा एन्कोड होते. म्हणून मी त्याहून बरीच मोठी फाइल देतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेला प्रवेश दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोहोचतो. २०२२ पासून त्यासाठी २ जीबीपर्यंत मुभा आहे.

काही गोष्टी मात्र एक्स्पोर्टच्या वेळी सुधारता येत नाहीत. त्यांत पहिला क्रमांक फ्रेम रेटचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ चौकटी आणि १/५० शटर हा जोड दिव्यांच्या लुकलुकीपासून वाचवतो. पण प्रेक्षागृहातून कोणी मोबाइलवर टिपलेला भाग बहुधा ३० चा, तोही कमी-जास्त होणाऱ्या गतीचा असतो. तो तसाच टाइमलाइनवर टाकला, तर पुढे पुढे ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ शकते. असे फुटेज हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटचे करून मगच वापरायला घ्यावे.

परभाषक परीक्षकांसाठी किंवा परदेशातील मंडळांसाठी उपशीर्षके लागतात. युट्यूबसाठी यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन केलेली वेगळी एसआरटी (उपशीर्षकांचा मजकूर आणि वेळा असलेली) फाइल उत्तम. टीव्हीसाठीच्या प्रतीत मात्र, विशेषतः ती देवनागरीत असतील तर, उपशीर्षके चित्रातच उतरवावीत, कारण कित्येक टीव्हींना देवनागरी फॉन्ट ठाऊक नसतो आणि अक्षरांच्या जागी चौकोन येतात. ही प्रत उपशीर्षकांविना ठेवलेल्या मास्टरवरून वेगळी काढावी.

प्रती पोहोचल्या की मी मास्टर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि रिझॉल्व्हमधून प्रकल्पाचा 'आर्काइव्ह' काढतो. नुसती डीआरपी फाइल (रिझॉल्व्हची प्रकल्प-फाइल) जपून भागत नाही, कारण तिच्यात संकलनाच्या नोंदी असतात, फुटेज नसते. आर्काइव्हमध्ये दोन्ही येतात. संस्थेने सर्व प्रती पाहून होकार कळवेपर्यंत कॅमेऱ्याची मूळ कार्डे मी कोरी करत नाही.