जोडी लावण्याची घाई

कॉमिक्स वाचणाऱ्याला एक काम कोणी न सांगता करावे लागते. एका चौकटीत हात उगारलेला दिसतो आणि पुढच्या चौकटीत समोरचा माणूस जमिनीवर आडवा झालेला असतो. मधला ठोसा चित्रकाराने काढलेलाच नसतो, तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचकाने मनातल्या मनात मारायचा असतो. एक पुरुष आणि एक स्त्री शेजारी उभी असली की मात्र हीच कोरी पट्टी भलतीकडे वळते. एका चौकटीत ती दोघे रात्री बाकावर बसून बोलत आहेत आणि पुढच्या चौकटीत सकाळ झाली आहे, एवढे भांडवल आपल्याला पुरते. कादंबरीकाराला निदान ‘त्यांच्या मनात तसले काही नव्हते’ असे एक वाक्य लिहून मोकळे होता येते. चित्रकथाकाराला ते चित्रातून पटवावे लागते, आणि एखादी गोष्ट नसणे चित्रात काढता येत नाही. म्हणूनच स्त्री-पुरुषांची निखळ मैत्री दाखवणे हे मला उडणारा माणूस दाखवण्यापेक्षा अवघड काम वाटते. उडणाऱ्या माणसावर वाचक पहिल्याच पानावर विश्वास ठेवतो.

वाचकाच्या या खोडीची सर्वांत मजेदार फिरकी टिनटिनच्या चित्रकथांचे कर्ते एर्जे यांनी घेतली आहे. टिनटिनच्या जगात स्त्रिया फार थोड्या, आणि त्यांतली ठसठशीत म्हणावी अशी एकच, गायिका बिआंका कास्ताफिओरे. १९६३ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘कास्ताफिओरेचा पाचू’ या कथेत ही बाई न बोलावता कॅप्टन हॅडॉकच्या वाड्यात मुक्कामाला येते, आणि नेमका त्याच वेळी पायरीवरून घसरून पाय मुरगळल्यामुळे कॅप्टन चाकांच्या खुर्चीला खिळलेला असतो. तिचे गाणे त्याला सोसत नाही आणि त्याचे आडनाव तिला धड घेता येत नाही. तरीही एका सचित्र साप्ताहिकाचे बातमीदार या दोघांचे लग्न ठरल्याची बातमी छापतात, आणि तीही कशाच्या आधारावर, तर बहिऱ्या प्राध्यापक कॅल्क्युलसच्या होकारावर. त्या बिचाऱ्याला वाटत असते की प्रश्न त्याने तयार केलेल्या नव्या गुलाबाबद्दल चालला आहे. पुढे अभिनंदनाच्या तारा येतात, गावचा बँड वाजत दारात येतो, कॅप्टन संतापाने लाल होतो, आणि बाई मात्र ढिम्म असतात. वर्तमानपत्रांनी आपली लग्ने यापूर्वीही अनेकांशी लावून दिली आहेत, हे त्या अगदी सहज सांगून टाकतात. त्या बातमीदारांना हसताना आपल्या लक्षात येते की पानापानावर या दोघांना एकत्र पाहून आपणही थोडीफार तीच बातमी मनात रचू लागलो होतो.

हे दोघे एकमेकांचे मित्र आहेत का, असे कोणी विचारले तर कॅप्टन बहुधा हातातली काठी फेकून मारील. पण त्याआधीच्या एका कथेत, पोलीस मागावर असताना, याच बाईने त्याला आणि टिनटिनला आपल्या रंगपटात दडवून वाचवले होते; आणि १९७६ सालच्या शेवटच्या पूर्ण कथेत तिला परदेशात खोट्या आरोपाखाली अटक होते तेव्हा टिनटिन सुरुवातीला जायला नकार देतो, पण कॅप्टन निघतो. निघण्यामागे स्वतःच्या अब्रूचा प्रश्नही असतो, हे मान्य. पण तो निघतो, एवढे मला पुरेसे वाटते. परस्परांचा ताप होऊनही एकमेकांसाठी धावणे हे मैत्रीचे एक फार जुने रूप आहे, आणि तिथे प्रेमकथेचा वास येऊ नये म्हणून एर्जे यांनी ताप भरपूर ठेवला.

आता प्रश्न असा की बाकीच्या कथाकारांना जोडी लावण्याची ही घाई का होते? मला वाटते, दोष मालिकेच्या पोटात आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेला उद्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवावे लागते, आणि न जुळलेले प्रेम ही शिल्लक ठेवण्यासारखी फार सोयीची वस्तू आहे. वेताळ आणि डायना १९३६ साली भेटले आणि त्यांचे लग्न १९७७ साली लागले. सुपरमॅन आणि लोइस लेन १९३८ पासून एकमेकांसमोर होते, त्यांना बोहल्यावर चढायला १९९६ उजाडले. एवढा काळ वाचकाला झुलवत ठेवणे मैत्रीला जमत नाही, कारण मैत्रीला पुढची पायरीच नसते. ती झाली की झाली, मग ती नुसती असते. खरे पाहता कधीही न संपणाऱ्या मालिकेला याच नात्याची घडण अधिक शोभली असती, पण पुढचा अंक खपवायचा असला की हे कोणाला सुचत नाही.

सुपरमॅन आणि वंडर वुमन यांची गोष्ट या दृष्टीने बघण्यासारखी आहे. दोघेही अचाट शक्तीचे, दोघेही माणसांत राहून थोडे उपरे, तेव्हा यांचे जुळवून द्यावे असे कोणाच्याही मनात येणार. १९८८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या ६०० व्या अंकात जॉन बर्न यांनी हा विषय एकदाचा समोर आणला: दोघे चुंबन घेतात, आणि अंक संपेपर्यंत आपण मित्र म्हणूनच बरे आहोत अशा निष्कर्षाला येतात. ही प्रौढ समजूत मला तेव्हाच्या महानायकांच्या कथांत दुर्मीळ वाटते. पुढे २००० साली ७६१ व्या अंकात जो केली यांनी त्यांना देवांच्या युद्धात तब्बल हजार वर्षे एकत्र लढायला लावले. हजार वर्षे सोबत, घर परत दिसेल याची खात्री नाही, आणि तरीही सुपरमॅन लोइसला विसरत नाही. वंडर वुमन त्याचा तो निश्चय समजून घेते आणि मैत्रीण राहते. मैत्रीची याहून लांब परीक्षा कोणी घेतली असेल असे वाटत नाही. पण २०११ साली सगळा इतिहास पुसून नव्याने मांडायचे ठरले, सुपरमॅनचे लग्नही त्यात पुसले गेले, आणि २०१२ साली ‘जस्टिस लीग’च्या १२ व्या अंकात दोघांना एकमेकांच्या मिठीत देऊन टाकले. हजार वर्षे जे टिकले ते बारा अंकांत गेले, असे त्या वेळी मी चडफडत म्हटल्याचे आठवते. ज्या पात्रांचे मालक लेखक नसतात, त्यांची मैत्री दर नव्या लेखकाच्या मर्जीवर जगते.

याच्या उलट उदाहरण मॉडेस्टी ब्लेझचे. ही चित्रपट्टी १९६३ साली लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये सुरू झाली आणि २००१ साली थांबली. पहिले चित्रकार जिम होल्डवे यांच्या अकाली मृत्यूनंतर चित्रकार बदलत गेले, पण लेखक अखेरपर्यंत पीटर ओ’डॉनेल एकटेच होते. मॉडेस्टी ही गुन्हेगारीतून निवृत्त झालेली, श्रीमंत, हुशार आणि धोकादायक बाई. विली गार्विन हा तिचा उजवा हात, सुरी फेकण्यात पटाईत. वाया चाललेल्या विलीला तिने तुरुंगातून सोडवून माणसात आणलेले असते, आणि तेव्हापासून तो तिला ‘प्रिन्सेस’ म्हणत असतो. त्याच्या मैत्रिणी होतात, तिचे प्रियकर होतात, आणि ते एकमेकांना भेटतात, कधी एकमेकांना आवडतातही. ही दोघे एकमेकांच्या जखमा बांधतात, एकत्र कसरत करतात, एकमेकांच्या नजरेवरून पुढची चाल ओळखतात. शरीराचा संकोच त्यांच्यात जवळजवळ नाही, आणि प्रणय मात्र अजिबात नाही. आडपडदा आहे म्हणून मैत्री शुद्ध, अशी सोपी पळवाट ओ’डॉनेल यांनी घेतली नाही. उलट रोजच्या तीन-चार चौकटींच्या पट्टीत ही दोघे सतत काहीतरी करत असतात, दोर ओढतात, कुलूप उघडतात, पळतात. हाताला काम असले की वाचकालाही कोऱ्या पट्टीत भलते काही भरायला उसंत मिळत नाही. सदतीस वर्षांहून अधिक काळ एका माणसाने ही रेघ राखली, याचे मला विलीच्या सुरीफेकीपेक्षा जास्त कौतुक आहे.

पळवाटांचा विषय निघालाच आहे तर सांगतो: ‘एक्स-मेन’मधल्या वोल्व्हरिन आणि किटी प्राइड, किंवा वोल्व्हरिन आणि ज्युबिली, या जोड्या मी या हिशेबात धरत नाही. त्या सुंदर आहेत, पण एकीकडे उतारवयाचा राकट माणूस आणि दुसरीकडे किशोरवयीन मुलगी ठेवली की प्रश्नच उद्भवत नाही. ती बाप-लेकीची माया आहे. ‘टीन टायटन्स’ या तरुण महानायकांच्या चमूतले डिक ग्रेसन आणि डोना ट्रॉय यांचे मात्र वय एक, काम एक आणि उमेदही एक. त्यांनाही लोक ‘बहीण-भावासारखे’ म्हणून निकालात काढतात, जणू मैत्रीला नात्याचे ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत घेतच नाहीत. १९८४ सालच्या जानेवारीच्या ‘न्यू टीन टायटन्स’मध्ये, ३८ व्या अंकात, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी या दोघांची एक कथा दिली. लहानपणी जळत्या घरातून वाचवली गेलेली डोना आता लग्न करणार आहे, आणि आपण मुळात कोण, हे तिला ठाऊक नाही. डिक तिच्यासाठी ते शोधून काढायला घेतो. खलनायक नाही, मारामारी नाही. जुन्या वस्तू आणि कागद यांच्या मागे लागलेला एक चिकाटीचा मित्र आहे. लग्न तिचे दुसऱ्याशी आहे आणि त्याच्या मनात त्याबद्दल कसलाही सल नाही, हे पेरेझ यांनी त्याच्या चेहऱ्यावर इतके स्वच्छ काढले आहे की शंका घ्यायला कोपरा सापडत नाही.

जपानी ‘वन पीस’मधला एक प्रसंगही असाच आहे. चाच्यांच्या तावडीत सापडलेली नामी स्वतःच्या दंडावरच्या त्यांच्या खुणेवर सुरीने वार करत असते. कथेचा नायक लुफी तिचा हात धरून थांबवतो, ती मदत मागते, आणि तो आपली जिवापाड जपलेली गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवून लढायला निघून जातो. इतर कुठल्याही कथेत तिथे आलिंगन आले असते. एइइचिरो ओदा यांनी टोपी दिली, आणि १९९७ पासून आजवर चाललेल्या या कथेत त्या दोघांचे नाते त्या टोपीहून तसूभर पुढे नेलेले नाही.

चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’बद्दल मला एवढे खात्रीने बोलता येत नाही, कारण पेपरमिंट पॅटीचा चार्ली ब्राउनवर जीव आहे हे उघड आहे. पण १९७२ सालच्या एका पट्टीत ती त्याला सुरक्षितता म्हणजे काय असे विचारते. तो सांगतो की आईवडील पुढे बसलेले असताना गाडीच्या मागच्या आसनावर झोपणे म्हणजे सुरक्षितता, आणि मोठे झाल्यावर ते पुन्हा कधीच मिळत नाही. त्यावर ती घाबरून त्याला आपला हात धरायला सांगते. त्या हात धरण्यात तिच्या प्रेमाचा काही संबंध नाही. मोठे होण्याच्या भीतीने शेजारचा हात हवासा वाटणे, एवढेच त्यात आहे, आणि तो हात मुलाचा की मुलीचा याने तिथे काहीही फरक पडला नसता.

अलीकडच्या मालिकांपैकी मला मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांची २०१२ ते २०१५ मधली ‘हॉकआय’ सर्वांत जवळची वाटते. क्लिंट बार्टन आणि केट बिशप या दोघांचेही टोपणनाव हॉकआयच, दोघेही तिरंदाज, तो वयाने मोठा आणि विस्कटलेला, ती तरुण आणि त्याच्याहून शहाणी. या मालिकेत मैत्री तुटण्याचे चित्रण आहे, जे प्रेमभंगाच्या तुलनेत कॉमिक्समध्ये फारच कमी आढळते. ११ वा अंक पूर्णपणे त्यांच्या कुत्र्याच्या नजरेतून सांगितलेला आहे: त्याला माणसांच्या बोलण्यातले मोजकेच शब्द कळतात, बाकीचा मजकूर नुसत्या रेघोट्या. क्लिंट आणि केट भांडत असताना आपल्यालाही त्या रेघोट्याच वाचायला मिळतात. कोण काय म्हणाले हे कळत नाही, पण भांडण किती गंभीर आहे हे दोघांच्या उभे राहण्यावरून कळते, आणि केट निघून जाते ती कुत्र्याला बरोबर घेऊन. त्या अंकाला २०१४ साली सर्वोत्कृष्ट एकल अंकाचा आयझनर पुरस्कार, म्हणजे कॉमिक्सच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार, मिळाला. मालिका संपत येते आणि क्लिंटच्या इमारतीवर हल्ला होतो तेव्हा केट परतते आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून लढते. त्या परतण्यात ‘आता तरी कळले ना तुला’ असा प्रणयाचा सूर लेखकाने येऊ दिला नाही. तिला तिचे घर आहे, त्याला त्याचे, आणि बाण दोघांकडेही पुरेसे आहेत. कुत्रा शेवटी कोणाच्या वाट्याला यावा, यावर मात्र मी अजून केटच्या बाजूचा आहे.