तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"एवढ्या पैशांत तयार गिटार आली नसती का?"

आली असती. वर बॅग आणि पट्टाही मिळाला असता. मी गिटार स्वतः बनवली म्हणून हा प्रश्न मला ऑफिसात विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा असताना विचारलाय. उत्तरं मी माणूस बघून दिली. काकांना म्हटलं, पैसे वाचले. साफ खोटं. वहीत 31,400 रुपयांचा हिशोब आहे. ऑफिसात म्हटलं, मनासारखा आवाज हवा होता. मनात नेमका कुठला आवाज होता ते मला आजही सांगता यायचं नाही.

मला "ही मी बनवली" असं म्हणायचं होतं. एवढंच होतं ते.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: बनवली म्हणजे काय केलं? मान आयती, तारांचा आवाज पकडणारे पिकअप आयते, बॉडीवर तारा जिथे टेकतात तो ब्रिज आयता, बॉडी मिस्त्रींनी कापलेली. मान्य. पण मी बनवली ती टेलिकास्टर ही मुळात जोडायचीच इलेक्ट्रिक गिटार आहे. ती काढणारा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 च्या सुमारास त्याने मान चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी आवळली, म्हणजे बिघडली तर बदलता येईल. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकान टाकून बसला असता तर कुणाला वेगळा वाटला नसता. त्याने जोडली तर शोध आणि मी जोडली तर हौस, हे काही मला पटत नाही.

तपकीर गल्लीचं निघालंच आहे तर तेही सांगते. गिटारच्या बटणांखाली बसणारी 250 के ची दोन पोटेन्शिओमीटर घेतली, वर 'बी' लिहिलं होतं की 'ए' ते पाहिलं नाही. बी म्हणजे लिनिअर, सारख्या प्रमाणात बदलणारं; आवाजाला 'ए' हवं होतं. आवाजाचं बटण निम्म्याहून जास्त फिरवलं तरी काही फरक नाही, आणि शेवटी शेवटी एकदम सगळं गप्प. पुन्हा बुधवार पेठ, पुन्हा पार्किंग. ब्रिजला ग्राउंडची वायर द्यायची राहिली, त्यामुळे तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायच्या ऐवजी वाढायची. या चुका मी हसत सांगते. चारचौघांत सांगण्यासारख्या आहेत म्हणून.

ब्रिजच्या भोकांची गोष्ट मी आजवर खरी सांगितलेली नाही.

बॉडी शिवण लाकडाची. टिंबर मार्केटमधून फळी आणली, तिथल्याच एका मिस्त्रींनी माझ्या साच्यावरून राउटर मशीनने कापली, मानेची खाच काढली. हातात घेतली तर हलकी, कडा गुळगुळीत. मिस्त्री म्हणाले, "ब्रिजची भोकं पण इथंच पाडून न्या ताई, उभं ड्रिल आहे." मी म्हटलं, नको, ते मी करणार. मग ते म्हणाले, "बॉडीच्या कडेवरनं मध्य काढू नका. मान बसवा, मानेच्या दोन्ही कडांनी सूत धरा, ते जिथं जाईल तिथं ब्रिज." मी हो हो म्हटलं. तीन महिने व्हिडिओ पाहिलेल्या बाईला सुताराने गिटार शिकवावी, हे मला जरा जास्तच वाटलं.

घरी माझं सगळं लक्ष लांबीवर. नटापासून (मानेच्या टोकाचा तारांचा टेकू) सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा टेकू) 648 मिलिमीटर, बाराव्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीला, बरोबर 324. तीनदा मोजलं. आडवा मध्य मात्र बॉडीच्या कडांवरून काढला. टेलिकास्टरची बॉडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, हे त्या बॉडीकडे बघूनही कळतं. मग सहा तारा मागून ओवायला हातातल्या ड्रिलने आरपार सहा भोकं. वरून रांग ठीक दिसत होती. उलटी केली तर मागे सहा भोकं सहा दिशांना, लहान मुलाच्या दातांसारखी.

तरी तारा चढवल्या. ब्रिज 4 मिलिमीटर सरकला होता. पंधराव्या फ्रेटच्या पुढे पातळ तार दाबली की कडेवरून खाली घसरायची. मानेचे स्क्रू सैल करून मान ओढून पाहिली, पण 4 मिलिमीटर काही ओढून निघत नाहीत. जुन्या भोकाला इतकं लागून नवं भोक पाडलं तर ड्रिल जुन्यातच घसरतं. खुंट्या मारून जुनी भोकं बुजवण्यावाचून इलाज नव्हता.

त्याच आठवड्यात एक सहकारी घरी आले. त्यांनी गिटार उलटी केली आणि विचारलं, "हे काय झालं?"

मी म्हटलं, "मिस्त्रींनी वाट लावली."

किती सहज निघालं तोंडातून! याच मिस्त्रींचं नाव मी त्यांना आधी टीव्ही युनिटसाठी सुचवलं होतं. ते म्हणाले, "मग राहू दे, दुसरीकडे देतो." मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

तेव्हाची मी अजून वाद घालते: मानेची खाच थोडी तिरकी होतीच, म्हणजे चूक थोडी त्यांचीही. असेल तिरकी. म्हणून तर ते सूत धरायला सांगत होते. कडा गुळगुळीत, तर मी बनवली. भोकं वाकडी, तर त्यांनी. "ही मी बनवली" म्हणायच्या हौसेपायी सगळा खटाटोप केला, आणि पहिली अडचण आली तेव्हा मी ते म्हणू शकले नाही.

बॉडी घेऊन पुन्हा मिस्त्रींकडे गेले. त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला. "सूत धरलं नाही." कोणी पाडली ते विचारलं नाही. सागाच्या खुंट्या फेविकॉल लावून ठोकल्या, दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, सूत धरून उभ्या ड्रिलवर नवी भोकं पाडून दिली. दोनशे रुपये घेतले. त्या टीव्ही युनिटचं मी तिथेही काही बोलले नाही. काय बोलणार होते? तुमचं एक काम मी घालवलं?

गिटार आता सुरात आहे. उलटी केली की शिवणात सागाचे काळपट ठिपके दिसतात. लोकांना ते डिझाइन वाटतं. मी वाटू देते.

गेल्या पावसाळ्यात त्या सहकाऱ्यांचं युनिट खालून फुगलं, दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेलं. त्यांनी मला विचारलं, ओळखीचा कोणी चांगला सुतार आहे का? मी नंबर पाठवला. हे तेच मिस्त्री, हे काही लिहिलं नाही.