वर्कशॉप फक्त बायकांनाच का?

8 मार्च आला की आमच्या ऑफिसात गुलाब, केक आणि बायकांसाठी 'कॉन्फिडंटली कसं बोलायचं' टाइप एक वर्कशॉप ठरलेलं. आवाज मोठा ठेवा, सॉरीने सुरुवात करू नका, कोणी मध्ये बोललं तर 'माझं होऊ द्या' म्हणा वगैरे. आणि ज्यांना मध्ये बोलायची सवय आहे ते तेवढा वेळ आपापल्या डेस्कवर निवांत!

प्रॉब्लेम कॉन्फिडन्सचाच असता तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या बायकांना तरी तो यायला नको होता ना. टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीअर्स यांनी 2017 मध्ये तिथल्या सुनावण्यांच्या ट्रान्सक्रिप्टवरचा रिसर्च मांडला. 2015 मध्ये नऊ जजांमध्ये बायका तीनच, पण जजांना मध्येच तोडलं त्यातलं जवळपास 66 टक्के या तिघींच्या वाट्याला आलं. त्यात बायकांच्या हक्कांसाठी कोर्टात लढून पुढे जज झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग, आता त्यांना कोण शिकवणार ठामपणे बोलायला? वकीलसुद्धा तोडायचे, जे नियमात बसतच नाही. आणि 'मी विचारू का' छाप नम्र सुरुवात या बायकांनी वर्षं जातील तशी कमी केली होती, म्हणजे आमच्या वर्कशॉपचा अर्धा सिलॅबस त्यांनी आधीच करून झालेला.

मग बदललं काय, तर पद्धत. 2020 ला कोविडमुळे सुनावण्या फोनवर गेल्या आणि सीनियॉरिटीने एकेकाने विचारायचं ठरलं, पुढे 2021 ला कोर्ट परत भरलं तेव्हा नेहमीच्या प्रश्नोत्तरांनंतर प्रत्येक जजला एक टर्न ठेवला गेला. यामागे त्या रिसर्चचाही हात आहे असं या तिघींपैकीच एक, जज सोनिया सोटोमायॉर यांनीच तेव्हा सांगितलं.

आमच्याकडे एवढं सुद्धा नको, निदान मिटिंगचे मिनिट्स तरी आळीपाळीने लिहा म्हटलं. कारण 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून (लॅपटॉपवर अक्षर??) ते काम कायम आम्हा दोघीतिघींकडे, आणि टाइप करत बसलेला माणूस बोलणार कधी, तो मान वर करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मॅनेजर म्हणाला बघू. मग एका सोमवारी आमच्या सगळ्यात बडबड्या सरांची पाळी आली, आणि अख्खी मिटिंग ते 'थांबा थांबा, परत सांगा, लिहायचं राहिलं' एवढंच म्हणत होते.