लेअप कधी करायचा? नाशिकची हवा बघून

मोल्डमधला (साच्यातला) मॉडेल ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं छोटं विमान, बनवायचाय म्हटलं की जो तो आधी कार्बन कापड कुठे मिळेल ते विचारतो. कार्बन मिळतो हो. लेअप, म्हणजे मोल्डमध्ये रेझिनने भिजवलेले कापडाचे थर टाकणं, त्याआधी हवा बघा, कारण इथे मे महिन्यात, पावसाळ्यात आणि थंडीत तेच रेझिन तीन वेगळ्या रेझिनसारखं वागतं.

मी लॅपॉक्स एल-१२ हे इपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारं के-६ हार्डनर वापरतो, वजनाने १०० ला १०, आणि ते काट्यावरच मोजायचं, अंदाजाने अजिबात नाही. मे महिन्यात दुपारी कपात मिक्स ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि बघता बघता घट्ट होतं, म्हणून मी पहाटे बसतो, थोडं थोडं मिक्स करतो आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो, पसरलं की उष्णता निघून जाते. थंडीत उलटं. निफाडकडे पारा चार-पाचवर येतो तेव्हा आपल्याकडेही रेझिन काकवीसारखं होतं, कापडात मुरत नाही, मग माणूस वरून अजून ओततो आणि पंख जड होतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, खोली पंचवीसच्या आसपास ठेवा, बस.

वजनाचं गणित सगळं इथेच आहे. दोन मीटरच्या मॉडेलला बाहेरची स्किन (पंखाचं कवच) चौरस मीटरला ४९ ग्रॅमच्या ग्लास कापडाची, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाची, ४५ अंशात टाकलेली, कारण पंख पिळला जाऊ नये हे काम तिरके धागेच करतात. कापड आधी तोलायचं, साधारण तेवढ्याच वजनाचं रेझिन घ्यायचं, ब्रशने टोचत टोचत मुरवायचं (ओढलं की विण सरकते), मग वर टिशू पेपर दाबून जास्तीचं टिपून घ्यायचं. नीट झालं की कापडाची विण स्पष्ट दिसते आणि चकाकी जाते. चकाकतंय म्हणजे अजून रेझिन जास्त आहे, टिपत राहा. त्यावर पातळ बाल्सा (हलकं लाकूड), आतून परत ग्लास, आणि व्हॅक्यूम, म्हणजे वर पिशवी लावून हवा ओढायची की थर दाबून बसतात. १९५७ साली श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी एफएस-२४ फीनिक्स उडवला, माणूस बसणारा, फायबरग्लासचा पहिला ग्लायडर, त्याची स्किनसुद्धा ग्लास-बाल्सा-ग्लासच होती. मला ही गोष्ट फार भारी वाटते.

पावसाळ्यात मात्र मी स्किन टाकतच नाही. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी मिळून वर मेणचट थर येतो आणि त्यावर दुसरा थर धरत नाही. नाइलाजाने करायचंच असेल तर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड) लावा, नाहीतर आधी कोमट पाण्याने आणि घासणीने धुवा, पॉलिश पेपर नंतर. आधी पेपर मारला तर ते मेण आत चोळलं जातं. ते दिवस मी पॅटर्न (ज्यावरून मोल्ड बनतो तो नमुना) घासायला आणि मोल्डला वॅक्स मारायला ठेवतो, कारण पॅटर्नवरचा ओरखडा पुढच्या प्रत्येक पंखावर उमटतो.

पंखाचे वरचा-खालचा असे दोन्ही अर्धे जोडून झाले की पंख लगेच काढायची घाई करू नका. मोल्ड बंद ठेवूनच पोस्ट-क्युअर करा, म्हणजे रेझिन पूर्ण पक्कं व्हायला ऊब द्या, बाहेर काढून तापवला तर पंख वाकडा होतो. एप्रिलमध्ये गच्चीवर काळ्या रंगाच्या पत्र्याच्या पेटीत मोल्ड ठेवला की बरंच काम ऊनच करतं, फक्त आत थर्मामीटर ठेवा आणि मोल्ड कुठल्या रेझिनचा आहे ते आधी बघा, नाहीतर पंखाआधी मोल्डच वाकेल.