ही विमानं इतकी जुनी का?

पायलट शिकवायची ही विमानं इतकी जुनी का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी इथे विमानं तपासून सही करणारा माणूस. लेकीला नाहीतर लेकाला पायलट करायचं म्हणून आईवडील इंदूरच्या विमानतळावर येतात. बिजासन टेकडीवरच्या देवीला हात जोडून आलेले असतात. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, सेसना या अमेरिकी कंपनीचं १५२ हे दोन आसनांचं शिकाऊ विमान दिसलं की वडील विचारतात, "कोणत्या सालचं?" मी म्हणतो, १९८१चं. वडील गप्प होतात. आई थेट विचारते, "काका, नवीन का नाही घेत?"

कारण हे मॉडेल १९८५ नंतर बनलंच नाही. १९८६मध्ये तर सेसनाने पिस्टन इंजिनाची सगळीच छोटी विमानं बनवणं थांबवलं. प्रवासी कंपन्यांची मोठी विमानं सोडली तर अमेरिकेत १९७८ साली १७,८११ विमानं तयार झाली होती. १९९४मध्ये हा आकडा ९२८वर आला.

मंदी होती, कर्ज महाग होतं, तेलाचे भाव चढे होते. सगळं खापर वकिलांवर फोडणं मला पटत नाही. पण कायद्याचा वाटा मोठा होता. वस्तूत दोष निघाला की बनवणारा जबाबदार, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, असा नियम अमेरिकेत बहुतेक राज्यांत रुळला होता. स्कूटर दहा-पंधरा वर्षांत भंगारात जाते, तिच्या बाबतीत हे निभतं. विमान चाळीस वर्षं उडतं. चार मालक बदलतात, कुठे कोण दुरुस्ती करतं ते कारखान्याला कळतही नाही. अपघात झाला की वैमानिक बहुधा गेलेला असतो, मेकॅनिकच्या खिशात काही नसतं, म्हणून दावा कंपनीवर. जिंकली तरी वकिलांची फी तिलाच भरायची. विमा कंपनी हप्ता ठरवताना आजवर विकलेली, अजून उडत असलेली सगळी विमानं धरायची. तो बोजा यंदाच्या मोजक्या नव्या विमानांच्या किमतीत घालावा लागायचा. किंमत वाढली की गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी की प्रत्येक विमानावरचा बोजा आणखी वाढला. छोटी विमानं बनवणारी दुसरी कंपनी पायपर तर १९९१मध्ये दिवाळखोरीत गेली.

१७ ऑगस्ट १९९४ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. वीसपेक्षा कमी आसनांचं, ठरलेल्या वेळापत्रकावर प्रवासी न नेणारं विमान १८ वर्षांचं झालं की त्याच्या अपघातासाठी उत्पादकावर दावा नाही. नवा सुटा भाग बसवला तर त्या भागाची १८ वर्षं नव्याने मोजायची. कंपनीने सरकारपासून धोका लपवला असेल तर ही सूट नाही. कायदा झाला तर पुन्हा छोटी विमानं बनवू, असा सेसनाने शब्द दिला होता, तो पाळला. कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्स गावात नवा कारखाना काढून चार आसनांचं १७२ पुन्हा सुरू केलं. १५२ मात्र परत आलं नाही, आणि शिकाऊ मुलांना परवडणारं सेसनाचं दोन आसनांचं विमान तेच होतं. आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएल या सरकारी संशोधन संस्थेने हंसा हे शिकाऊ विमान बनवलं, पण मोजकंच.

हा कायदा हवाच होता, असं मला मनापासून वाटतं. त्याच्याशिवाय १७२सुद्धा मिळालं नसतं. पण एक गोष्ट सलते. अठरा वर्षांत दोष दिसला नाही म्हणजे आराखडा बरोबर, असं तो कायदा मानतो. धातू तसा वागत नाही. पंख वर-खाली वाकून वाकून धातू थकतो आणि त्याची चीर विसाव्या, पंचविसाव्या वर्षीही उमटू शकते. तेव्हा कारखाना मोकळा झालेला असतो. त्यापुढे लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सही करणारा, म्हणजे माझ्यासारखा माणूस उरतो. एवढ्या थकव्यापुरता तरी अपवाद ठेवायला हवा होता.

म्हणून परवा असंच विचारणाऱ्या एका आईला मी पंखाच्या स्ट्रटजवळ, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याजवळ, नेलं. जोड साफ केला, लाल डाय लावला, थोडा वेळ थांबून पुसला, वर पांढरा फवारा मारला. चीर असती तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली असती. काहीच उमटलं नाही. खालच्या बाजूला आरसा धरून मी तेही दाखवलं. बाईंनी वाकून नीट पाहिलं, मग लेकीला हाक मारली आणि टॉर्च तिच्या हातात दिला.